तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मग त्यांना सोनं मिळालं का?’

गेली एकवीस वर्षं मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सममध्ये राहते. भारतातून कुणी आलं की आमच्या दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या असतात. एक ताहोचं तळं, एक सॅन फ्रान्सिस्को आणि एक आमच्यापासून पाऊण तासावरचं कोलोमा. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शल नावाच्या सुताराला अमेरिकन नदीकाठी सोन्याचे कण दिसले, ते हे गाव. जॉन सटरसाठी तो तिथं पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी बांधत होता आणि गिरणीखालच्या पाटात त्याला काहीतरी चकाकताना दिसलं. आता तिथं राखीव उद्यान आहे, गिरणीची प्रतिकृती आहे आणि पत्र्याच्या परातीत वाळू धुऊन दाखवणारी माणसं आहेत.

दोन वर्षांपूर्वी माझी आत्या साताऱ्याहून आली होती. तिनं ते परात हलवणं मिनिटभर पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हे तर आपले झारेकरी!” अगदी बरोबर. सराफांच्या दारातला केर आणि गटारातला गाळ गोळा करून, पाण्यात घोळून घोळून सोन्याचा कण वेगळा काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना कोलोमात फारसं समजावून सांगावं लागत नाही. सोनं वाळूपेक्षा कितीतरी जड. ते तळाशी बसतं, बाकीचं वाहून जातं.

मग आत्यानं विचारलं, “पण मग त्यांना सोनं मिळालं का?”

हाच प्रश्न मला भाचरांनी विचारलाय, शेजाऱ्यांच्या आईवडिलांनी विचारलाय, आणि गेल्या गणपतीत इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात तुमच्यापैकी चौघा-पाचजणांनी विचारला. उत्तर लांबत गेलं, आरतीची वेळ झाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘हे लिहूनच द्या.’ म्हणून लिहितेय.

थोडक्यात सांगायचं तर काहींना मिळालं, बहुतेकांना नाही. ज्याला पहिला कण दिसला तो मार्शल १८८५ साली गरिबीतच गेला. ज्याच्या गिरणीपायी हे झालं त्या सटरची जमीन घुसखोरांनी बळकावली, आणि भरपाई मागत सरकारचे उंबरठे झिजवता झिजवता तो १८८० साली वॉशिंग्टनमध्ये वारला. लाखो माणसं आली, थोडी श्रीमंत झाली, पुष्कळशी दुसऱ्या कामाला लागली किंवा परत गेली. मला मात्र हे विचारलं की एकच माणूस आठवतो. तो सोन्यासाठी आला, वर्षभर त्यानं नदीतली वाळू धुतली, मग वकिली केली, पुढं अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला आणि १०२ वर्षं जगला. त्याचं नाव कॉर्नेलियस कोल.

तो मला भेटला कसा, ते आधी सांगते. मला इथलं नागरिकत्व मिळालं आणि पुढच्याच वर्षी ज्यूरीचं बोलावणं आलं. सॅक्रामेंटोच्या कोर्टात आम्ही पन्नास-साठ जण सकाळपासून बसलो होतो. निवड करताना एका वकिलानं आम्हाला एकेकाला विचारलं : साक्षीदार पोलीस असो, रस्त्यावर राहणारा असो, दुभाष्यामार्फत बोलणारा असो, तुम्ही सगळ्यांची साक्ष एकाच मापानं मोजाल का? मी ‘हो’ म्हणाले. सगळेच ‘हो’ म्हणाले. माझी निवड झाली नाही, दुपारी सोडून दिलं. नवरा न्यायला येईपर्यंत वेळ होता म्हणून जुन्या सॅक्रामेंटोत फिरले. १८५० च्या दशकात राज्याचं सर्वोच्च न्यायालय ज्या इमारतीत भरायचं ती तिथं अजून उभी आहे. तिथं मला कळलं की सकाळी आम्हाला विचारलेला प्रश्न त्या काळी या राज्यात कुणी विचारूच शकलं नसतं. १८५० च्या कायद्यानं काळ्या माणसाला आणि इथल्या मूळ रहिवाशाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नव्हती. १८५४ साली न्यायालयानं निकाल दिला की चिनी माणसालाही देता येणार नाही. तो निकाल ज्या खटल्यात लागला त्यात एका चिनी माणसाचा खून झाला होता. चिनी साक्षीदारांच्या जबाबावरून खुन्याला शिक्षा झाली होती, ती त्या निकालानं रद्द झाली.

त्या दिवसानंतर मी वाचायला लागले. फौजदारी खटल्यांपासून सुरुवात केली आणि वाचता वाचता पर्किन्स खटल्यापाशी आले, तिथं वकिलांत कोलचं नाव होतं. तेव्हापासून मी त्याला सोडलेलं नाही.

कोल न्यूयॉर्क राज्यातल्या लोडी गावचा, जन्म १८२२ चा. वेस्लियन विद्यापीठात शिकला आणि मग ऑबर्न गावात विल्यम सेवर्डच्या कचेरीत कायदा शिकला. १८४८ साली त्याला सनद मिळाली. म्हणजे खाणीतला कामगार पुढं शिकून वकील झाला अशी ही गोष्ट नाही. वकील होऊन त्यानं हातात कुदळ घेतली आणि वर्षभरानं ती ठेवली. सेवर्डचं नाव मात्र लक्षात ठेवा. गुलामगिरीचा हा कट्टर विरोधक पुढं लिंकनचा परराष्ट्रमंत्री झाला. त्याच ऑबर्नमध्ये त्यानं १८५९ साली हॅरिएट टबमनला घर आणि जमीन विकली. पळालेल्या गुलामांना रात्रीच्या वाटांनी उत्तरेत आणणारी ती बाई तेव्हा कायद्याच्या लेखी स्वतःच फरारी होती. मार्च १८५० मध्ये सेनेटमध्ये कॅलिफोर्नियाला राज्य म्हणून सामील करून घेण्याच्या बाजूनं बोलताना सेवर्डनं सांगितलं होतं की राज्यघटनेच्याही वर एक कायदा आहे. त्या वेळी त्याचा शिष्य त्याच कॅलिफोर्नियात होता.

१८४९ साली मिसुरी नदीपासून कॅलिफोर्नियापर्यंतची वाट सुमारे २००० मैलांची. बैलगाड्या, खेचरं, आणि त्या वर्षी वाटेत पटकीची साथ. वाटेच्या कडेनं थडग्यांची रांग लागली होती असं त्या प्रवासाची वर्णनं सांगतात. कोल २६ वर्षांचा होता. तो पोचला आणि खाणींत कामाला लागला. ‘खाण’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोलारसारखं खोल विवर येतं, तसं तेव्हा नव्हतं. सोनं नदीच्या वाळूत आणि काठच्या खडीत होतं. परात, लाकडी पाळणा आणि फावडं एवढीच हत्यारं. पाळण्यात खडी टाकायची, वरून पाणी ओतायचं आणि हलवत राहायचं. मी जूनमध्ये कोलोमाच्या नदीत हात घातलाय. सिएराच्या बर्फाचं पाणी, दोन मिनिटांत बोटं बधिर होतात. डोक्यावर ऊन आणि गुडघ्यापर्यंत ते पाणी, असं दिवसभर, महिनोनमहिने.

आता ज्या गोष्टीशी मी नेहमी थांबते, ती ही. या सगळ्या नद्यांत सोनं होतं, पण जमीन कुणाची, पाणी कुणाचं, आज मी खणलेला खड्डा उद्याही माझाच का, याला कायदाच नव्हता. सोनं सापडल्यावर नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारी १८४८ ला, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह होऊन मेक्सिकोनं कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला. मेक्सिकन कायदा संपत आलेला, अमेरिकन कायदा अजून आलेला नाही. तेव्हा खाणीवाल्यांनी स्वतःच सभा भरवल्या. जवळजवळ आपल्या गावकीसारख्या. एका माणसाला एवढाच तुकडा. ठरावीक दिवस काम केलं नाही तर हक्क गेला. नोंद ठेवायला एक माणूस निवडायचा. भांडण झालं तर सभेपुढं आणायचं. नदीचं पाणी आधी वळवेल त्याचा हक्क आधी, हा नियमही तिथलाच, आणि १८५५ साली राज्याच्या न्यायालयानं तो उचलून धरला. १८६६ आणि १८७२ मध्ये काँग्रेसनं केलेल्या खाणकायद्यांत याच चालीरीती शिरल्या. १८७२ चा कायदा आजही लागू आहे, आणि तो झाला तेव्हा आपला कोल सेनेटमध्ये बसलेला होता.

हे वाचून मला आधी फार कौतुक वाटलं होतं. चिखलात उभी असलेली, एकमेकांना अनोळखी माणसं कागद-पेन घेऊन नियम करतात, यात मोठं काहीतरी आहे, असं मला आजही वाटतं. पण त्या सभेत कोण बसायचं, हेही पाहावं लागतं. १८५० साली परदेशी खाणकामगारांवर महिन्याला २० डॉलरचा कर बसवला. तो मेक्सिकन, चिलीयन आणि इतर परक्यांना हुसकायला होता, आणि हजारो गेलेही. ज्यांची ही नदी मुळात होती ते निसेनान आणि त्यांच्यासारखे इतर मूळ रहिवासी तर कुठल्याच सभेत नव्हते. सोन्याआधी या राज्यात त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. पंचवीस वर्षांत ती तीस हजारांवर आली. रोगराई, उपासमार आणि सरकारी पैशांनी झालेल्या कत्तली. ‘सोनं मिळालं का’ याचं उत्तर देताना हा आकडा सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही.

कोलनं १८५० साली सॅन फ्रान्सिस्कोत वकिली सुरू केली आणि १८५१ मध्ये तो सॅक्रामेंटोला आला. आणि १८५२ साली पर्किन्स खटला आला. हा खटला जरा सविस्तर सांगते.

चार्ल्स पर्किन्स नावाचा मिसिसिपीतला तरुण १८४९ मध्ये सोन्यासाठी आला, तेव्हा बरोबर गुलाम घेऊन आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मॉन्टेरेला बसून राज्यघटना लिहिली आणि त्यात गुलामगिरीला बंदी घातली. ९ सप्टेंबर १८५० ला कॅलिफोर्निया राज्य झालं. पर्किन्सला गुलामांच्या जिवावर घबाड काही मिळालं नाही आणि तो घरी परतला. जाताना त्यानं कार्टर पर्किन्स, रॉबर्ट पर्किन्स आणि सँडी जोन्स या तिघांना सांगितलं की आणखी काही महिने माझ्या मित्राकडे राबलात की तुम्ही मोकळे. ते राबले आणि १८५१ च्या शेवटी मोकळे झाले. मग त्यांनी प्लेसर काउंटीत ऑफिर गावाजवळ मालवाहतूक सुरू केली. डोंगरातल्या खाणींना पीठ, डुकराचं मांस, हत्यारं, सगळं खालून न्यावं लागे. ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे पैसा. त्यांचं बरं चाललं होतं.

एप्रिल १८५२ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं एक कायदा केला. राज्य होण्याआधी इथं आणलेला गुलाम जर मालकाबरोबर परत जायला तयार नसेल तर तो फरारी समजावा आणि पकडून द्यावा. म्हणजे जो पळालाच नाही त्याला कायद्यानं फरारी ठरवायचं. महिन्या-दीड महिन्यातच एका रात्री हत्यारबंद गोरी माणसं त्या तिघांच्या खोपटात घुसली. झोपेतून उठवून, त्यांच्याच गाडीत घालून त्यांना सॅक्रामेंटोला आणलं. न्यायाधीशानं त्यांना मालकाच्या ताब्यात द्यायचा हुकूम दिला.

सॅक्रामेंटोतल्या काळ्या वस्तीनं पैसे जमवले आणि वकील दिले. कोल त्यातला एक. ऑगस्टमध्ये खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. वकिलांचा मुद्दा साधा होता : घटना सांगते इथं गुलामगिरी नाही, माणूस इथं आला तेव्हाच तो मोकळा झाला, शिवाय मालकानं स्वतः त्यांना सोडलं होतं. न्यायालयानं उत्तर दिलं की घटनेतलं ते कलम तत्त्व म्हणून ठीक आहे, पण त्याची अंमलबजावणी करणारा कायदा झालेला नाही, म्हणून ते आपोआप कुणाला मोकळं करत नाही. आणि मालकानं दिलेलं वचन सिद्ध करायचं तर त्या तिघांची साक्ष लागणार, जी गोऱ्या माणसाविरुद्ध कायद्यात बसत नव्हती. ते खटला हरले. कोल हरला.

त्याच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते. २९-३० वर्षांचा तरुण. सेवर्डच्या हाताखाली शिकलेला. कायदा म्हणजे दुबळ्याच्या हातातली काठी, हे त्याच्या शिक्षणात होतं. आणि समोर काय दिसतं? घटनेत स्पष्ट शब्द आहेत आणि तरी माणूस वाचत नाही. कारण घटना आणि माणूस यांच्यामध्ये जो कायदा असतो तो विधिमंडळ करतं, आणि विधिमंडळ दुसऱ्यांच्या हातात आहे. माझं मत असं की कोलचं पुढचं सगळं आयुष्य इथून वळलं. त्याच्या आठवणी छापलेल्या आहेत, त्यातलं वाक्य म्हणून मी हे सांगत नाही. त्याच्या पुढच्या वाटेकडे पाहून सांगते.

वाट अशी. १८५६ साली सॅक्रामेंटोत रिपब्लिकन पक्ष उभा करणाऱ्या मूठभर माणसांत तो होता. बाकीचे कोण? लेलँड स्टॅनफर्ड किराणा मालाचा व्यापारी, हंटिंग्टन आणि हॉपकिन्स लोखंडी सामानाचे दुकानदार, चार्ल्स क्रॉकर कापडवाला. पुढं याच चौघांनी खंडपार रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग बांधला आणि ते अफाट श्रीमंत झाले. त्या वेळी मात्र सॅक्रामेंटोत गुलामगिरीविरुद्ध बोलणं म्हणजे दुकानाची गिऱ्हाइकं घालवणं होतं. पक्षाचं एक वर्तमानपत्र निघालं, त्याचा संपादक कोल. १८५९ ते १८६२ तो सॅक्रामेंटोचा सरकारी वकील होता. पक्षातलाच दुसरा वकील एडविन क्रॉकर १८५८ साली आर्ची ली या काळ्या तरुणासाठी लढला, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर आर्ची ली सुटला. पर्किन्स खटल्यात जे जमलं नव्हतं ते सहा वर्षांनी जमलं. १८६३ मध्ये काळ्या माणसांवरची साक्षीची बंदी राज्यानं उठवली. चिनी माणसांना आणि मूळ रहिवाशांना आणखी जवळजवळ दहा वर्षं थांबावं लागलं.

१८६३ मध्येच कोल काँग्रेसच्या खालच्या सभागृहात गेला. आणि ३१ जानेवारी १८६५ ला, त्याची मुदत संपायला जेमतेम महिना उरला असताना, गुलामगिरी कायमची संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं. बाजूनं ११९, विरुद्ध ५६. दोन तृतीयांश लागत होती, ती निसटती मिळाली. कॅलिफोर्नियाच्या तिन्ही सदस्यांनी बाजूनं मत दिलं. त्यातलं एक मत कोलचं. त्या दुरुस्तीत दुसरं एक छोटं कलम आहे : हे कलम अमलात आणण्यासाठी कायदे करायचा अधिकार काँग्रेसला असेल. १८५२ साली सॅक्रामेंटोत जे नव्हतं म्हणून तीन माणसं परत गुलाम झाली, नेमकं तेच. पहिल्यांदा हे कलम वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, आणि रडले.

इथं आपल्याकडचं एक नाव आणलंच पाहिजे. कोलोमात सोनं सापडलं त्याच १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. शाळेत असताना मी ही अर्पणपत्रिका वाचली होती आणि ‘सदाचारी लोक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता मला त्यातले काही चेहरे ठाऊक आहेत. ज्यांनी रणांगणावर जीव दिला ते, टबमनसारखे ते, सॅक्रामेंटोत खटल्यासाठी डॉलर-डॉलर जमवणारे न्हावी आणि धोबिणी, आणि त्या दिवशी बाजूनं मत देणाऱ्या ११९ माणसांत बसलेला एक माजी खाणकामगार. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्यांना ओळखलं, त्यांच्या गावात मी राहते.

पण तुम्ही विचारलंत, तर कोलचं बाकीचंही सांगायला हवं. ते लपवून ठेवणं मला पटत नाही.

१८६७ ते १८७३ तो सेनेटमध्ये होता. अलास्काच्या खरेदीच्या बाजूनं तो उभा राहिला; ती खरेदी त्याच्या गुरूची, सेवर्डची होती. पण चिनी लोकांना मताचा हक्क आणि नागरिकत्व द्यायची गोष्ट आली तेव्हा तो विरुद्ध उभा राहिला. १८७० मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातून ‘गोरा’ हा शब्दच काढून टाका, अशी सूचना सेनेटर चार्ल्स समनर यांनी आणली. पश्चिमेकडच्या सदस्यांनी ती हाणून पाडली. आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचं दार उघडलं, आशियाई लोकांना बंदच राहिलं. ज्या माणसानं साक्षीचा हक्क नसलेल्या तिघांची वकिली केली होती, त्याला साक्षीचा हक्क नसलेला चिनी शेजारी दिसला नाही. किंवा दिसला आणि मतांचा हिशेब जड झाला. मला याचं आजही वाईट वाटतं, जसं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या एखाद्या वागण्याचं वाटतं.

आणि जमीन. अमेरिकेनं तहात कबूल केलं होतं की मेक्सिकन काळातल्या जमीनमालकांचे हक्क राखले जातील. पण १८५१ च्या कायद्यानं प्रत्येक मालकावर स्वतःचा हक्क सिद्ध करायची जबाबदारी टाकली, आणि एकेक प्रकरण सरासरी सतरा वर्षं चाललं. सातबारा हातात असूनही पिढी कोर्टात घालवणारी कुटुंबं आपण पाहिलीत. हे त्याहून मोठ्या प्रमाणावर झालं. लॉस एंजलिसजवळच्या रँचो ला ब्रेआचे मालक रोचा कुटुंब या खर्चापायी मेटाकुटीला आलं आणि त्यांनी जमीन हेन्री हॅनकॉकला विकली. हॅनकॉकनं मालकी पक्की करायला कोलला वकील केलं. कोल जिंकला आणि फी म्हणून त्याला सुमारे ५०० एकर जमीन मिळाली. १८८० मध्ये तो तिथं राहायला गेला. बायको ऑलिव्हच्या माहेरच्या नावावरून वस्तीला कोलग्रोव्ह नाव दिलं. ती वस्ती १९०९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये मिसळली, आणि आज तो हॉलिवूडचा भाग आहे. तिथल्या रस्त्यांवर कोल, विलोबी, सेवर्ड अशा पाट्या आहेत. त्यातल्या कोलच्या पाटीखाली उभं राहून मी भाच्याचा फोटो काढलाय. तर आत्याच्या प्रश्नाचं कोलपुरतं उत्तर हे : नदीच्या वाळूनं दिलं नाही ते त्याला वकिलीच्या फीनं दिलं.

तो म्हातारपणीही वकिली करत राहिला आणि ३ नोव्हेंबर १९२४ ला वारला. म्हणजे फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याची शंभरी उलटल्यावर, अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या हिंदुस्थानी माणसाच्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा तो जिवंत होता. हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १८७० साली जो शब्द काढायला नकार दिला गेला, तोच हा शब्द. थिंद यांच्या बाजूनं उभा राहिलेला वकील लॉस एंजलिसचा होता, कोलच्याच शहरातला. त्याचं नाव सखाराम गणेश पंडित. आपल्या शेजारच्या वाड्यातलं वाटावं असं नाव. पंडितांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं, आणि थिंद निकालानंतर सरकारनं ते काढून घ्यायला दावा लावला. ते स्वतःसाठी लढले. ‘या नागरिकत्वाच्या भरवशावर मी सनद घेतली, घर घेतलं, लग्न केलं. एवढ्या वर्षांनी तुम्ही ते काढून घेऊ शकत नाही’, हा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये अपिलात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. बाकीच्या हिंदी लोकांसाठी ते दार १९४६ मध्ये उघडलं. त्याच दारातून मी आले, आणि म्हणून त्या सकाळी मला ज्यूरीचं बोलावणं येऊ शकलं.

आत्याला हे सगळं मी कोलोमाच्या नदीकाठी बाकावर बसून सांगितलं. परतताना मी नेहमीचा रस्ता सोडला आणि ऑबर्नवरून ऑफिरला गाडी घेतली. हे कॅलिफोर्नियातलं ऑबर्न, कोलच्या ऑबर्नचं नाव घेऊन बसलेलं. ऑफिरला पाहण्यासारखं काही नाही. ओकची झाडं, सुकून पिवळं पडलेलं गवत, लांब लांब घरं. मी रस्त्याकडेला गाडी उभी केली.

आत्या उतरली. “इथूनच नेलं त्यांना?”

“इथंच कुठंतरी राहत होते.”

“त्यांच्याच गाडीत घालून?”

मी मान हलवली. ती बराच वेळ कुंपणाला धरून उभी राहिली. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, कोरेगाव-सातारा रस्त्यावर बैलगाडीनं भाडं मारायचे, एवढंच मला माहीत होतं. घरात कधी त्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

“आबांची गाडी सावकारानं दारातून नेली तेव्हा मी सात वर्षांची होते,” आत्या म्हणाली. “बैलांना पाणी पाजायचं राहिलं होतं. ते तरी पाजू द्या म्हणून आबा त्यांच्या मागनं वेशीपर्यंत गेले.”